खोल पाण्याची पाटी

९ जानेवारी

प्रिय दादा,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. आत्यासुद्धा. पंचाऐंशी झाली तरी माझ्या आधी उठते आणि मी बाहेर आले की "झाली का झोप?" म्हणून विचारते, जशी काही मी अजून शाळकरी पोरच आहे. फोन मुद्दाम केला नाही. जन्मभर मोटरींच्या आवाजात राहून तुझे कान गेलेत, आणि जे ऐकू येतं त्यालाही तू "बरं बरं" म्हणून फोन ठेवून देतोस. कागदावर लिहिलं की निदान वाचावं तरी लागतं.

आता कामाचं. घरामागचा आपला पोहायचा हौद मी पुन्हा सुरू करतेय. हसू नकोस. नोकरीतून मोकळी झाल्यापासून रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून चहा घेते आणि समोर तो कोरडा खड्डा. अण्णा गेल्यापासून पाचोळा, चिखल आणि कुठल्या तरी वादळात उडून आलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची, एवढंच त्यात राहतं. ज्या हौदात आपल्या अण्णांनी, कवायतीच्या मास्तरांनी, एका शिट्टीवर अर्धं गाव पोहायला शिकवलं, त्याची ही दशा बघवत नाही. शेजारच्या बायकाही मागे लागल्यात, ताई, आम्हाला शिकवा, पोरांना शिकवा. शाळेला सुट्टी लागायच्या आत पाणी भरायचं असं मी कबूल करून बसले आहे.

मोटरघर उघडलं. अण्णांची मोटर गंजून जाम झाली आहे आणि वाळूच्या फिल्टरचं पिंप बुडाशी कुजलंय. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "मोठाच पंप घ्या, मोठ्याने कधी वाईट होत नाही." असं बोलणाऱ्या माणसाकडून मी बादलीही घेणार नाही. घरात पंपांचा डॉक्टर असताना वैदूकडे कशाला जाऊ? तेव्हा कुठला पंप आणि केवढा फिल्टर, ते सविस्तर लिही.

आणि दुसरं, पहिल्याहून महत्त्वाचं. पाणी सोडायच्या दिवशी तू इथे हवास. अण्णांना पोचवून गेलास तो परत आला नाहीस, आणि तेव्हाही मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाहीस. मी बघत होते.

तुझी
भिंगरी


२१ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझा दुकानदार गाढव आहे. त्याला माझा निरोप दे.

मोठा पंप म्हणजे जास्त स्वच्छ पाणी, हा समज मी चाळीस वर्षं खोडत आलो. पाणी स्वच्छ करतो तो फिल्टर, पंप नव्हे. पंपाचं काम फक्त पाणी तिथवर नेऊन सोडणं. वाळूतून पाणी सावकाश उतरलं तर घाण वाळूत अडकते. पंपाने दांडगाई केली की वाळूत बिळं पडतात आणि घाण जशीच्या तशी हौदात परत. चहा घाईने गाळला की चोथा कपात उतरतो, तसंच. शिवाय दांडगा पंप तळाच्या जाळीशी इतक्या जोराने ओढतो की लहान पोराचा पाय धरून ठेवील. म्हणून फिल्टर एक माप मोठा घेतला तर चालतो, पंप मोठा घेऊ नये.

पण सगळ्याच्या आधी पाणी किती, ते ठरवावं लागतं. तू टेप घेऊन नाचू नकोस. त्या हौदाची मापं मला झोपेतून उठवून विचार. लांबी चाळीस फूट, रुंदी वीस, उथळ बाजू तीन फूट, खोल बाजू दहा. सरासरी साडेसहा. झालं जवळजवळ दीड लाख लिटर. तेवढं पाणी सहा तासांत एकदा फिरायला हवं, म्हणजे दोन हॉर्सपॉवरचा पंप आणि तीस इंची फिल्टर. आमच्या पंपांच्या कारखान्यातून मी स्वतः निवडून पाठवतो.

एक सांगतो, राग मानू नकोस. अण्णांचं गणित इथेच चुकलं. आधी मोटर दोन हॉर्सपॉवरचीच होती. मी दहा वर्षांचा असताना एका हिवाळ्यात मला मामाकडे धाडलं होतं. परत आलो तर मोटरघरात पाऊण हॉर्सपॉवरची. दीड लाख लिटरला पाऊण! पाणी एकदा फिरायला तेरा-चौदा तास. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी हे उदाहरण दिलं. नाव नाही घेतलं, "एक मास्तर होते" एवढंच. पाणी तरीही काचेसारखं असायचं ते अण्णा स्वतः जाळी घेऊन राबायचे म्हणून, असं मी धरून चालतो. मास्तर माणूस, त्यांना पंपातलं काय कळणार.

येण्याचं म्हणशील तर पंप येईल, मी येणार नाही. तू तेव्हा फार लहान होतीस. मी पोरांसमोर फुशारकी मारून फळीवरून उडी घेतली होती. खाली गेलो, गेलोच. पायाला तळ लागेना. अण्णांनी चष्म्यासकट उडी टाकून मला वर काढलं. त्यानंतर मी पाण्यात उतरलो नाही. मामाकडून परत आलो तर फळीही काढून टाकलेली. पोरं माझ्यावर महिनाभर चिडून होती. मी मग मोटरघरात बसायला लागलो. ओल्या सिमेंटचा आणि वंगणाचा तो वास अजूनही कुठे आला तर मी थबकतो. अण्णांनी मला झडपा शिकवल्या, उलटं पाणी सोडून वाळू धुवायला शिकवलं, पण "चल, उतर पाण्यात" असं एकदाही म्हणाले नाहीत. रोज सकाळी मोटरघराच्या दारावरून जाताना एकच वाक्य टाकायचे, "पाणी छान आहे आज." बातमी सांगितल्यासारखं. त्यांनी माझा नाद सोडला होता, हे मला दहाव्या वर्षीच कळलं. माझं पाण्याशी पाइपातूनच बरं जमतं.

आत्याला नमस्कार. तुझी वहिनी बरी आहे.

दादा


२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. पंप पाठवू नकोस, थांब.

मी टेप घेऊन नाचले. लांबी-रुंदी तू म्हणतोस तीच. उथळ बाजू तीन फूट, तीही बरोबर. पण खोल बाजू दहा फूट कुठून काढलीस? बांबूला खुणा करून चार ठिकाणी मोजलं, काठापासून तळापर्यंत पाच फूट भरतं. अरे, कॉलेजात असताना मी त्या खोल बाजूला उभी राहून वेणी घालायचे. पाणी खांद्यापर्यंत यायचं. मैत्रिणी काठावर बसून गप्पा मारायच्या आणि मी पाण्यात उभी. दहा फूट असतं तर तिथे उभी राहून वेणी घालता आली असती का?

तू लहान होतास, घाबरला होतास. लहानपणी सगळंच मोठं दिसतं. मला आपल्या घराचा जिना डोंगराएवढा वाटायचा, आता मोजून बघितलं तर सगळ्या अकरा पायऱ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तेव्हा पाच फूट धरून नवं गणित करून पाठव. आणि माझा नाद कोणी सोडला नाही म्हणून मी किती पाणी प्याले ते तुला ठाऊक नाही. अण्णा मला चप्पल मारायच्या बेतात असायचे, मी पाण्याबाहेर येत नाही म्हणून.

वहिनीला सांग, तिने शिवलेलं पांघरूण आत्या कोणाला हात लावू देत नाही.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझा बांबू गाळावर टेकला. इतक्या वर्षांचा चिखल दगडासारखा होतो. आधी साफ करून घे, मग मोज.

लहानपणी सगळं मोठं दिसतं हे मला शिकवू नकोस. मी त्या तळापर्यंत पोचलो नाही म्हणूनच मला तो किती खोल होता ते पक्कं माहीत आहे. अण्णांसारखा सहा फुटी माणूस, मला खांद्यावर घेऊन पाय मारत काठाशी आला. पाच फुटांत उभा नसता राहिला? आणि त्या बाजूच्या भिंतीवर अण्णांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली "खोल पाणी" ही पाटी आहे, की तीही मला दिसलेली भुताटकी? अण्णा खोटी पाटी लावणारे नव्हते. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराच्या बापालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

तू मात्र वेणी कुठे घालत होतीस ते नीट आठव. उथळ बाजूला असशील.

दोन हॉर्सपॉवरचा पंप बांधून तयार आहे. तू साफसफाई करून पुन्हा मोजलंस की पाठवतो. तोवर राहील कारखान्यात. मापावरून मी कधी माघार घेतलेली नाही, विचार कोणालाही.

दादा


९ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र बसून वाच. वहिनीला शेजारी बसव.

हौद साफ झाला. चिखल निघाला, खुर्ची निघाली, पांढऱ्या फरश्या दिसायला लागल्या. पुन्हा मोजलं. पाचच फूट. मी आनंदाने तुला डिवचायला पत्र लिहायला घेतलं होतं, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही" इथून सुरुवातही केली होती. तेवढ्यात गवंड्याने हाक मारली.

तळाचं पाणी जायची नळी गळत होती म्हणून तो कोपरा खणत होता. वरच्या फरशीखाली काँक्रीट, त्याखाली दगड, विटांचे तुकडे, पुन्हा दगड. तो खणत गेला. मी जाऊन बघते तर तो गळ्यापर्यंत खड्ड्यात उभा, आणि त्याच्या पायाखाली दुसरा तळ. तशाच पांढऱ्या फरश्या, फक्त कडा पिवळ्या पडलेल्या. गवंडी म्हणाला, "बाई, हा हौद मुळात याच्या दुप्पट खोल आहे. कोणीतरी भर घालून वर आणलाय. काम मात्र फार मनापासून केलंय." टेप सोडली. काठापासून दहा फूट.

हा सूर्य आणि हा जयद्रथ. दादा, तुझं माप बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. तू बघितलास तो हौद मी कधी बघितलाच नाही.

मी तशीच मातीच्या पायांनी आत्याकडे गेले. ती शेंगा सोलत होती. विचारलं, हौद कोणी भरला? ती शेंगा सोलायची थांबली नाही. म्हणाली, "तुझ्या बापाने. पोरगा मामाकडे होता तेव्हा."

मग हळूहळू सगळं सांगितलं. तू बुडालास त्यानंतर अण्णा आठ दिवस नीट जेवले नाहीत. तुला हौदाकडे नेलं की तू काठावरच थरथरायचास, म्हणून तुला मामाकडे धाडलं. आणि सगळं पाणी सोडून दिलं. आत्या म्हणाली की तिने अण्णांना वेड्यात काढलं. हौस म्हणून एवढा खोल खणला आणि आता बुजवतोस? तर अण्णा म्हणाले, "त्याचे पाय तळाला पोचत नाहीत ना, मग तळ वर आणू." शाळा सुटल्यावर रोज गवंड्याच्या बरोबरीने त्यांनी स्वतः दगड टाकले. उथळ पाण्यात कोणी उडी मारून डोकं फोडून घेऊ नये म्हणून फळी काढली. राग म्हणून नाही रे.

आत्याने विचारलं होतं, मग पोराला सांगत का नाहीस? अण्णा म्हणाले, सांगितलं तर त्याला वाटेल माझ्यासाठी उथळ केलं, आणि जन्मभर मान खाली घालून पोहेल. त्याला खोल पाण्यातच उतरू दे. पाय टेकतील तेव्हा कळेलच त्याला. म्हणून पाटी तशीच ठेवली. आयुष्यात त्यांनी एकच खोटी पाटी लावली, ती तुझ्यासाठी.

मला आता आठवतंय. मी सहा-सात वर्षांची असताना त्या पाटीखाली मोठ्या पोरांना उभं बघून खिदळत होते, खोल पाणी म्हणे, आणि अण्णांनी मला एवढ्या जोरात गप्प केलं की मी घाबरले. पाटीला हसायचं नाही, आणि दादासमोर तर नाहीच. सगळ्या पोरांना तीच ताकीद होती. पोरं तुझ्यावर चिडली असतील महिनाभर, पण पुढे इतक्या वर्षांत एकानेही तोंड उघडलं नाही. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. न उतरणारा तू एकटाच.

आत्या म्हणते, रोज वाटायचं आज उतरेल, उद्या उतरेल. मग तू मोठा झालास, गाव सोडलंस, आणि सांगायची वेळ निघून गेली. ती म्हणाली, "चल म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. पोरगं पुन्हा थरथरेल म्हणून. मग नुसतं पाणी छान आहे म्हणायचा."

 मग तू शिकवलंस तसं गणित करून बघितलं. चाळीस गुणिले वीस, सरासरी खोली चार. नव्वद हजार लिटर. पाऊण हॉर्सपॉवरच्या मोटरला आठ तास. बरोबर आहे ना, दादा? मास्तरांचं गणित बरोबर होतं.

गवंडी विचारतोय, भर काढून हौद होता तसा खोल करू का. तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

भिंगरी


२ एप्रिल

प्रिय दादा,

पत्र नाही. रागावलास का? गवंडी रोज दारात उभा राहतो, मी त्याला रोज चहा पाजून परत पाठवते. त्याला आता साखर किती लागते तेही पाठ झालंय. बायका विचारतात, ताई, पाणी कधी? तुझं उत्तर आल्याशिवाय मी एक फरशी हलवणार नाही, सुट्टी निघून गेली तरी चालेल. पण दोन ओळी लिही.

भिंगरी


८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

रागावलो नाही. लिहायला बसलो की हात चालायचा नाही, एवढंच. तुझं पत्र मी वहिनीला वाचायला दिलं आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. ती मागून आली. मी रडलो. या वयात, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभं राहून. ती म्हणाली, रडून घ्या, नाहीतर तुम्ही पंपालाच काहीतरी बोलाल.

मला ती सगळी वर्षं पुन्हा दिसली. मोटरघराच्या उंच खिडकीतून तुम्हा पोरांच्या ओरडण्याचा आवाज यायचा, मी दाबाच्या काट्यावर नजर ठेवून बसलेलो, आणि दारात अण्णा, खांद्यावर टॉवेल, केस ओले. पाणी छान आहे आज. क्षणभर थांबायचे. मी "हो अण्णा" म्हणायचो आणि झडपेला हात घालायचो, म्हणजे ते जातील. ते थांबायचे हे मला आत्ता आठवलं. इतकी वर्षं मला फक्त वाक्य आठवत होतं.

परवा कारखान्यात गेलो. ज्यांना मी शिकवलं ती पोरं आता साहेब होऊन खुर्चीत बसलीत. त्यांना गोळा केलं आणि म्हटलं, मी तुम्हाला एका मास्तरांचं उदाहरण द्यायचो, आठवतं का, दीड लाख लिटरला पाऊण हॉर्सपॉवर? आठवतं म्हणाली, चुकीच्या पंपाचं उदाहरण. मी म्हटलं, ते उदाहरण खोडा. मास्तर बरोबर होते. हौद किती खोल आहे ते मीच विचारलं नव्हतं. ते मास्तर माझे वडील, हेही सांगून टाकलं. पोरं उभी राहिली. तेवढ्यात चहा आला म्हणून सुटलो.

आता कामाचं ऐक. दोन हॉर्सपॉवरचा पंप मी परत करून टाकला. पाऊण हॉर्सपॉवरचा घेतलाय, फिल्टर चोवीस इंची. अण्णांच्या पिंपाहून एक माप मोठा, तेवढी माझी हौस. जुन्या नळ्या दोन इंची आहेत, त्या चालतील, बदलू नकोस. फिल्टरमध्ये वाळू भरताना आधी अर्धं पिंप पाणी असू दे, नाहीतर आतल्या नळ्या मोडतील. फिल्टरवरचा दाबाचा काटा जिथे असेल तिथे पहिल्या दिवशी खूण कर. त्याहून बराच वर चढला की उलटं पाणी सोड. हे सगळं मी येईपर्यंत करू नकोस खरं तर. मी येऊन करतो.

हो, येतोय. पंप ट्रकने येईल आणि आम्ही दोघं त्याच्या मागोमाग. तुझी वहिनी माझ्यासाठी पोहायची चड्डी घेऊन आली आहे. भडक निळी. दुकानात तिला विचारलं म्हणे, किती वर्षांच्या मुलासाठी? ती म्हणाली, दहा.

माझे पाय अजून थरथरतील, हे आधीच सांगून ठेवतो. तेव्हा हसू नकोस. हात धर.

गवंड्याला सांग, भर काढायची नाही. एक दगड हलवू नकोस. कोपरा बुजव आणि वरून फरशी नीट बसव, अण्णांनी बसवली होती तशी.

आणि ती पाटी काढू नकोस. रंग उडाला असेल तर अक्षरं पुन्हा गिरवून घे, तीच, "खोल पाणी". मला तिथेच उतरायचंय.

तुझा
दादा